आधी आपणच हसलेलं बरं

चित्रकलेच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या बाई वर्गात शिरायच्या त्या वर्दी देतच, "सरका, सरका, टाकी आली!" पोरं हसायची. बाई त्यांच्याही आधी हसायच्या. लोकांनी आपल्या पोटावर बोलण्याआधी आपणच बोलून मोकळं व्हावं, असा त्यांचा साधा हिशेब. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवऱ्याने एकदा "जरा सुटलीस" म्हणायला तोंड उघडलं, तर बाईंनी स्वतःची अशी काही खिल्ली उडवली की तो बिचाराच ओशाळला.

एका सकाळी चित्रासाठी समोर बसणारे आजोबा आजारी पडले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंच्या हातातला झाडू काढून घेतला.

"बाई, आज तुम्ही बसा."

"मी? अहो सर, कागद पुरायचा नाही!"

वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत.

"या चौथऱ्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर विनोद चालत नाही. देवासमोर उभं राहून बघतो, तसं बघायचं. आणि हा नियम बसणाऱ्यालाही आहे."

आली का पंचाईत! विनोद काढून घेतल्यावर बाईंकडे उरलं काय? पोट. चौथऱ्यावर टेकताच त्यांनी श्वास ओढून ते आत घेतलं. पोरं एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून मापं घेऊ लागली. कुणी हसेना. बाईंना घाम फुटला. एवढ्या गंभीरपणे त्यांच्याकडे डॉक्टरनेही कधी पाहिलं नव्हतं. तोंड लाल झालं, कानात शिट्ट्या वाजायला लागल्या आणि शेवटी श्वास सुटला. पोट मांडीवर येऊन निवांत विसावलं.

बाईंनी डोळे गच्च मिटले. आता हसणार! पण ऐकू आलं ते खोडरबर, आणि मग पुन्हा पेन्सिली. बाईंनी डोळे किलकिले करून पाहिलं, तर पोरं निमूटपणे आपापली रेघ दुरुस्त करत होती. कोपऱ्यातली एक मुलगी तर त्या एका वळणाशी इतकी जपून झटत होती, जणू चुकलं तर पाप लागेल. बाईंना एकदम भरून आलं. एवढं जपून आपण स्वतः तरी या पोटाला कधी हात लावला होता?

मधल्या सुट्टीत त्या चित्रं बघत फिरल्या. पुढच्या बाकावरच्या एका चलाख मुलाच्या कागदापाशी थबकल्या. चेहरा हुबेहूब, खाली कंबर मात्र मुठीत मावेल एवढी.

"बाई, तुमच्यासाठी खास. आवडलं ना?"

आयुष्यभर आरशाकडे जे मागितलं, ते समोर होतं. बाईंच्या ओठावर नेहमीसारखी कोटी आलीही होती. ती त्यांनी गिळली.

"छान आहे रे. पण माझं पोट कुठे आहे?"

"ते गाळलं मी."

"कुणाला विचारून?"

बाईंचा आवाज असा चढला की सगळ्या वर्गाने वळून पाहिलं.

"माझं आहे ते. मी पुन्हा बसते. नीट बघ आणि आहे तसं उतरव."

आणि त्या चौथऱ्यावर जाऊन ऐसपैस बसल्या.