लक्ष्मीगारूंच्या मापाचा ओटा

मंडळी, कुकटपल्लीच्या साइटवरून आत्ताच विद्यानगरला घरी आलेय. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

लक्ष्मीगारू (इथे तेलुगूत बाईंना आदराने 'गारू' म्हणतात) आमच्या क्लायंट, उंचीने अगदी लहान. लग्नापासून लाकडी पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करत आल्या. त्यांच्या नव्या फ्लॅटचं इंटिरियर म्हणजे ऑफिसने एकटीवर सोपवलेलं माझं पहिलं काम. मी त्यांच्या कोपराचं माप घेतलं आणि ओटा खाली उतरवला. त्या इतक्या खूश झाल्या की पाट आमच्या सुताराला बसायला देऊन टाकला.

आज वर ग्रॅनाइट बसणार होतं. पण आंध्रची दोन राज्यं झाली, आमचं शहर दुसऱ्या राज्यात राहिलं आणि त्यांच्या मिस्टरांची सरकारी नोकरी वाटणीत आंध्रकडे गेली. आता बिऱ्हाड विजयवाड्याला जाणार, फ्लॅट भाड्याने.

"अम्मा, ओटा सगळ्यांचा असतो तेवढा उंच कर," त्या म्हणाल्या. मला त्या लेकीसारखं 'अम्मा'च म्हणतात. "किरायेदारांना त्रास नको."

मी ऑफिसात सरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरंच झालं. आता अशी भाड्याच्या फ्लॅटचीच कामं येणार. करिअर करायचंय ना? मग कुणालाही चालेल असं घर करायला शीक."

माणसाच्या मापाचं घर करायचं म्हणून तर मी हे शिकले होते!

"मॅडम, तोड दूं क्या?" सुताराने विचारलं. मी होकाराची मान हलवली.

निघताना लक्ष्मीगारूंनी त्याच्याकडून पाट मागून घेतला, पदराने भुसा पुसला आणि पिशवीत घातला.

"तिकडंही भाड्याचंच घर आहे," म्हणाल्या.

तुमच्या घरातला ओटा कुणाच्या मापाचा आहे हो?