मेंढवाड्यातला मॅक्रोबायोसिस

ओल्या घोंगडीचा वास आला की पुसेगावजवळचा एक मेंढवाडा आठवतो. तिथल्या नव्वदी ओलांडलेल्या मेंढपाळाला तपासून शिबिरातले डॉक्टर कौतुकाने "मॅक्रोबायोसिस!" म्हणाले आणि निघून गेले. आजारी मेंढरू वेगळं बांधतात, तसं म्हातारबांनी स्वतःचं अंथरूण कुंपणाबाहेर हलवलं. चिमुकली पणती रडत होती, तरी तिला जवळ येऊ देईनात. मी बातमीसाठी पोचलो तेव्हा नातसुनेने विचारलं, "भाऊ, हा रोग लेकराला लागन का?" हा रोग नाही, दीर्घायुष्यासाठी शास्त्रात क्वचित वापरला जाणारा शब्द आहे, असं मी सांगितलं. म्हातारबा खदखदून हसले. "मंग लागू द्या की समद्यायला! ये गं पोरी, बस मांडीवर." पणतीपाठोपाठ दोन कोकरंही अंथरुणात घुसली. बातमीत शब्दाचा अर्थ तेवढा छापून आला; ते हसू आज लिहितो आहे.