चंद्रावर भाकरी कुणी भाजली?

पुस्तकं कपाटात मावतात. किस्से कुठं ठेवायचे? ते आपले साठत राहतात आणि चार दोस्त बसले की बाहेर पडतात.

निपाणीच्या लायब्ररीत मी आठ वर्षं काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. हुद्दा ग्रंथपालाचा, पण कुलूप उघडायचं मीच आणि केर काढायचा तोही मीच. माझ्याकडच्या किश्शांत निम्मे एकट्या आप्पांचे. आप्पा तंबाखूच्या वखारीत काट्यावर वजन करायचे आणि वाचायचे फक्त अद्भुत कादंबऱ्या. चंद्रावरची सफर, पाताळातली नगरी, असलं सगळं. असल्या कादंबऱ्यांचं आमच्याकडं एक वेगळं कपाट होतं. आप्पांच्या मतांपायी ते कपाट रद्दीत जाता जाता राहिलं, म्हणून हे सांगतोय.

*

आमचे अध्यक्ष वकील. त्यांचा नियम असा, की पुस्तक परत करताना रजिस्टरात एक ओळ अभिप्राय लिहायचाच. लोक न वाचता 'बोधप्रद' लिहून मोकळे व्हायचे. आप्पांनी चंद्रावरच्या कादंबरीपुढं लिहिलं, 'थापा. चौघं गडी म्हैनाभर चंद्रावर ऱ्हायले. भाकरी कुणी भाजली?'

मी म्हटलं, "अहो आप्पा, ते शास्त्रज्ञ आहेत."

"असू द्यात की. शास्त्रज्ञाला भूक लागत न्हाय व्हय?"

*

पाताळातली राजकन्या बारा वर्षं मंतरलेल्या झोपेत पडून असते आणि उठते ती थेट बोहल्यावर चढते. गावातल्या पोरी त्या कादंबरीवर जीव टाकायच्या. आप्पांचा अभिप्राय: 'थापा. बारा वर्षं उताणी? पाठ सोलून निघाली असती. आन् वेणी कोण घालत हुतं?'

शाळेतले मास्तर रोज पेपर वाचायला यायचे. त्यांनी हे वाचलं आणि हसून हसून त्यांचा चष्मा खाली आला. "आप्पा, तुम्ही वाचक आहात का सुईण हो?"

 आप्पा दुसरं पुस्तक काखेत मारून गेले.

*

आप्पांकडून आलेलं पुस्तक डोळे मिटून ओळखता यायचं. दिवसभर वखारीत पडलेलं असायचं ना! मास्तरांनी एकदा समुद्राच्या तळाशी फिरणाऱ्या बोटीची कादंबरी नेली आणि दुसऱ्याच दिवशी लालबुंद नाक घेऊन परत आणली. रजिस्टरात लिहिलं, 'समुद्राखाली इतका तंबाखू पिकतो हे ठाऊक नव्हते.'

*

एक कादंबरी होती काळात मागं जाणाऱ्या यंत्राची. खडेबाजारातून मी स्वतः पारखून आणलेली, माझी फार लाडकी. नायक यंत्रात बसतो आणि जुन्या लढाया बघून येतो. आप्पांनी लिहिलं, 'मागं जाता येत हुतं तर प्लेगाच्या आदी जायचं. दवा घिऊन जायचं. लढाई काय बघतोस, गाढवा?'

प्लेगात आप्पांचं पहिलं लेकरू गेलेलं, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीवर मास्तरसुद्धा हसले नाहीत.

*

गंमत अशी, की ज्याला शिव्या घातल्या तेच पुस्तक चार महिन्यांनी आप्पा पुन्हा न्यायचे! एकदा मी चिडून विचारलं, थापाच आहेत तर कशाला नेता?

म्हणाले, "भांडाण अर्धंच ऱ्हायलंय."

मला वाटलं, आहे एकेक वल्ली.

*

मग आली वार्षिक सभा. वकीलसाहेबांना ते कपाट रिकामं करून तिथं थोरांची चरित्रं लावायची होती. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आप्पांचे अभिप्राय एकामागून एक वाचून दाखवले. भाकरी, वेणी, सगळं. सभा पोट धरून हसत होती. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. एकेक पुस्तक मी हातानं शिवलेलं होतं हो त्यातलं.

"सगळ्यात जास्त वाचणारा सभासदच यांना थापा म्हणतो," वकीलसाहेब म्हणाले. "मग जागा कशाला अडवायची?"

हात वर व्हायला लागले. तेवढ्यात मागच्या भिंतीशी बसलेले आप्पा उठले. सभेत ते कधी तोंड उघडायचे नाहीत.

"ती मतं माझी न्हाईत साहेब. आमच्या हिची हायत."

सगळे वळून बघायला लागले. आप्पांची बायको घराबाहेर पडत नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. आप्पांनी सांगितलं, तीन वर्षं झाली, ती अंथरुणाला खिळून आहे. कमरेखालचं अंग हलत नाही. अक्षरओळख नाही, म्हणून आप्पा वखारीतून आले की वाचून दाखवतात. ती मधेच थांबवते आणि भांडते. ती जे बोलते ते आप्पा रजिस्टरात उतरवतात, कारण नियम आहे.

वकीलसाहेबांचा आवाज जरा खाली आला. पण वकीलच ते. म्हणाले, "मग आप्पा, अशा माणसाला तर चांगलं काहीतरी ऐकवावं. चरित्रं न्या की."

"नेलतं एकदा," आप्पा म्हणाले. "चार दीस वाचलं. गप पडून ऐकत हुती. एकदाबी भांडली न्हाय." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला लई भ्या वाटलं, साहेब."