कोकराच्या तोंडाचे फोल्डर

आमच्या कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं, म्हणून मी तो सुधारायला घेतला.

तसा गावात मी कॉम्प्युटरमधला जाणकार. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, आणि फॉर्म अडकला की तोंड गंभीर करून सांगतो, सर्व्हर वरूनच बंद हाय. (हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, ते मला अजून कळलेलं नाही.) एवढ्या विद्येवर माझं बरं चाललं होतं. पण धाकट्या बहिणीचं, सविताचं, युसूफ वडगावच्या प्रदीपरावांशी लग्न जमलं आणि प्रदीपराव निघाले पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. झालं! आता नवरीचा भाऊही काही कमी नाही, हे त्यांना दिसायला नको का?

संधी चालून आली होती. लग्नाची पत्रिका मी माझ्या कॉम्प्युटरवर तयार केली होती. शनिवारी प्रदीपराव येणार, तिच्यावर एकदा नजर फिरवणार आणि दुपारी ती कडा गावातल्या छापखान्यात जाणार, असं ठरलं होतं.

आमच्याकडची पत्रिका म्हणजे साधं काम नव्हे. एकाहत्तर नावं होती तिच्यात. कोणाचं नाव कोणाच्या वर, हे ठरवायला आमचे वडील, म्हणजे आण्णा, तीन आठवडे भावकीत फिरले होते. रोज ते मेंढरं कोंडून आले की तोंडी सांगायचे आणि मी टाइप करायचो. मागं एका लग्नात त्यांच्या चुलतभावाचं, तात्यांचं, नाव दुसऱ्या ओळीत गेलं, तर तात्या मांडवाबाहेर मोटारसायकलवर बसले ते अक्षता पडल्या तरी उठले नाहीत. जेवले तर नाहीतच. तेव्हापासून सविताचं एकच म्हणणं, "माझ्या लग्नात कुणी रुसून बाहेर बसलं, तर मी बोहल्यावर चढायची न्हाई." आणि पोरगी बोलल्याप्रमाणं करणारी आहे. तिचं सगळं लग्न त्या यादीवर टांगलेलं होतं, आणि यादी फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती.

गुरुवारी सकाळी मी एक व्हिडिओ बघितला. आतल्या सिस्टिमच्या फायली बदलल्या की म्हणे कॉम्प्युटरचं रूपडंच पालटतं. मी ठरवलं, पडदा भंडाऱ्यासारखा पिवळाधमक, काठांना घोंगडीची नक्षी आणि फोल्डरच्या जागी कोकराचं तोंड. प्रदीपरावांनी बघतच राहावं!

आमची सुमन, म्हणजे माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, चाललंय ते कावून उकरायलात?"

बायकांना सौंदर्यदृष्टी नसते, असं मी मनात म्हणालो. (मनातच.)

पहिल्याच फायलीला हात लावला तर कॉम्प्युटर म्हणतो, ही बदलायचा तुम्हाला अधिकार नाही. घर माझं, कॉम्प्युटर माझा आणि अधिकार नाही! बघितलं तर फायलीची मालकी भलत्याच कोणाच्या नावावर. मग सातबाऱ्याचा फेरफार करतात तसा तिचाही केला आणि माझं नाव चढवून टाकलं. कॉम्प्युटरनं तीनदा विचारलं, नक्की का? मी तीनदा हो म्हणालो. लग्नातसुद्धा मला इतक्यांदा कोणी विचारलं नव्हतं.

बंद करून परत चालू केला. पडदा काळाकुट्ट. ना भंडारा, ना घोंगडी, ना कोकरू. मधोमध माऊसचा बाण तेवढा एकटाच लुकलुकत होता.

पण मी अगदीच येडा नाही. व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं तशी मूळ फायलींची प्रत पेनड्राइव्हमध्ये काढून मी ती खिडकीत ठेवली होती. खिडकीत हात घातला तर पेनड्राइव्ह नाही. सुमन म्हणाली, मघाशी बंडू घेऊन गेला. बंडू म्हणजे शेजारी राहणारा माझा चुलतभाऊ. त्याला ट्रॅक्टरवर गाणी लावायला पेनड्राइव्ह लागतो, आणि ट्रॅक्टर ऊस भरून कारखान्याकडं रवाना झालेला. फोन लावला तर उचलेना. गाण्याच्या आवाजात ऐकू येत नसणार.

शुक्रवारी मी मोटारसायकल काढली आणि कारखाना गाठला. उसाच्या गाड्यांची रांग अर्धा कोस. बंडूचा ट्रॅक्टर लांबूनच ऐकू आला. बंडू उसावर आडवा पडून मान हलवत होता. मी पेनड्राइव्ह मागितला. त्यानं गाणं संपेपर्यंत थांबायला सांगितलं. मी थांबलो. मग विचारलं, त्यात माझ्या फायली होत्या, त्या आहेत ना?

"त्या व्हय? काढून टाकल्या."

"कावून काढल्या बे?"

"वाजत न्हवत्या."

मी पेनड्राइव्ह त्यालाच ठेवू दिला आणि मोटारसायकल माघारी वळवली.

घरी आलो तर आण्णा दारातच बसलेले. पत्रिका कुठवर आली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटरमध्ये अपडेट चाललंय, उद्यापर्यंत होईल. आण्णांनी आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, पण लंगडणारी मेंढी त्यांना कळपात लांबून दिसते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठून मेंढरांकडं गेले. सविता वही-पेन घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. मला वाटलं, आता बापाजवळ बसून रडणार. लाज वाटली खरं सांगतो, लई लाज वाटली.

शनिवारी सकाळी प्रदीपराव आले. पोहे झाले, चहा झाला, मी परत पोहे आणायला सांगितले. पण माणूस किती पोहे खाईल? शेवटी ते म्हणालेच, "दादा, पत्रिका बघू का?"

मी म्हणालो, जरा किरकोळ बिघाड आहे.

"नेमकं काय बदललं?"

"काही न्हाई, थोडं वातावरण."

"वातावरण म्हंजे?"

"कोकरं बसवली," सुमन आतून म्हणाली.

प्रदीपराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॉम्प्युटर तीनदा मुद्दाम मधेच बंद केला, तर निळा पडदा आला. तिथं चारदोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाले, यानं बुधवारची अवस्था स्वतःच जपून ठेवलीय, तिथं माघारी नेऊ. म्हणजे मी काय करणार, याचा त्याला आधीच अंदाज आला होता! वीस मिनिटांत जुना, रंग नसलेला, कोकरू नसलेला कॉम्प्युटर सुरू झाला. पत्रिका जशीच्या तशी.

मी अंगणात धावलो. "आण्णा, पत्रिका सापडली!"

"कुठं गेलती?" आण्णा म्हणाले. "ती कालच संध्याकाळी छापखान्यात दिली. मी सांगितली, सवितानं लिवली."

"तोंडपाठ? एकाहत्तर नावं?"

"दीडशे मेंढरं हायेत माझी. एकीचा तरी कागद बघितलास का?"

सोमवारी पत्रिका छापून आल्या. मी एक घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ओळीला ओळ लावून बघितली. (आण्णांची एखादी चूक सापडावी, अशी माझी मनापासून इच्छा होती.) तात्या बरोबर सगळ्यांच्या वर. मामा, साडू, सोयरे, सगळे जागच्या जागी. नावं भरली सत्तर. एकच सुटलं होतं.

माझं.

आण्णांना विचारलं तर म्हणाले, कळप हाकताना एखादं मागं ऱ्हातंय. सुमन म्हणाली, आणि कोणतं ऱ्हायाचं ते बी ठरलेलं असतंय.

आता ज्याचं नाव गळलं त्याला रुसायचा हक्क आहे, ही आमच्या भावकीची रीत. लग्नाच्या दिवशी मीही मांडवाबाहेर मोटारसायकलवर जाऊन बसलो. अर्धा तास झाला तरी कुणाच्या लक्षात येईना. शेवटी खुद्द तात्या बोलवायला आले, तेही कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो म्हणून. मी निमूट आत गेलो आणि प्रदीपरावांचा कान धरला. खरं म्हणजे कान कोणाचा पिळायला पाहिजे होता, ते मांडवात सगळ्यांना माहीत होतं.

तरी पत्रिकेत माझं नाव होतं, हे खरं आहे. आण्णांनंतर लगेच, ठळक अक्षरात. कॉम्प्युटरमध्ये ती प्रत अजून आहे. पटत नसेल तर कधीही घरी या, उघडून दाखवतो.

फक्त आज नको. काल मी माऊसचा बाण काढून तिथं मेंढपाळाची काठी बसवलीय.