आत काय आहे?

शनवारमामा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी एकच विचारायचे, "आत काय आहे?" पाव, बिस्किट, भाताचा गोळा, काहीही. इथे जपानात, कोबेच्या दुकानातल्या पोरी त्यांना बघून आधीच हसायच्या, कारण आता हे जपानीत "नाका वा नानी?" विचारणार हे ठरलेलं. माझी बायको म्हणायची, "मामांची नानी रोज कशी हरवते हो?" पावात डुकराची चरबी निघाली की मामा तो जागेवर ठेवायचे, पोरीला कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि बाहेर. त्रागा नाही.

मामा मूळचे आमच्या अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तिकडे त्या लोकांना शनवार तेली म्हणत, त्यावरून हे नाव मीच पाडलं. इथे ते जहाजांच्या एका कंपनीत कारकून होते. घराच्या चौकटीला एक लहानशी डबी तिरकी ठोकलेली, तिच्यात देवाच्या वचनाचा कागद. येता-जाता बोटं तिला लावून ओठांना लावायचे, कितीही घाई असो. आमच्याकडे आले की फळं आणि काचेच्या पेल्यात कोरा चहा, बस्स. माझ्या बायकोला म्हणायचे, "मुली, राग नको मानूस. तुझ्या हाताला नावं ठेवत नाही, भांड्यांची पंचाईत आहे."

मी शिंपी. तिसरीत शाळा सुटली, पण सुईच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही, आजही. मामा मला मास्तर म्हणायचे. लोकरीचा कोट शिवायला टाकला तेव्हा म्हणाले, "लोकर आणि लिनन एका कपड्यात आम्हाला चालत नाही. कॉलरच्या आत काय आहे, मास्तर?"

"सुती बकरम."

"नक्की?"

"मामा, तीस वर्षं सुई धरतोय. मला शिकवू नका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी कोट घेऊन गेले. संध्याकाळी प्रार्थनेला तोच घालणार होते.

दुपारी माझी लेक शाळेतून आली. नऊ वर्षांची. कॉलरला लावलेल्या कापडाची गुंडाळी पडली होती, तिची चिठ्ठी वाचून म्हणाली, "बाबा, असा."

"कसा?"

"असा!"

"अगं, असा म्हणजे कसा?"

ती वैतागली. "जपानीत असा! उन्हाळ्यातले शर्ट असतात ना, ते कापड!"

मी एक धागा ओढून दाताखाली तोडला. लिननच. ओसाकाहून ती गुंडाळी मीच आणली होती. चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि दुकानदाराला विचारायचा कमीपणा वाटला होता.

कॉलर शिवून बंद झालेली, कोणाला दिसणार? गप्प बसून पाहिलं. बसवेना. सूर्य बुडायच्या आत पोचायचं म्हणून डोंगराकडचा चढ धापा टाकत चढलो. मामा कोट घालून बूट बांधत होते.

"मामा, कोट काढा. आत लिनन आहे."

त्यांनी काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि जुनं स्वेटर चढवलं. बाहेर हाडं गोठवणारा वारा.

"मी बोललो नसतो तर कोणाला कळलं नसतं," मी तरीही ताठच.

"मला तरी कुठे कळलं असतं? म्हणून तर तुला विचारलं होतं, मास्तर." चौकटीच्या डबीला बोटं लावून ते निघून गेले.

त्या कॉलरीतलं सगळं उसवून मी नवं सुती बकरम घातलं. पैसे ते देत होते, मी घेतले नाहीत.

दोनतीन वर्षांनी मामा कायमचे लेकीकडे इस्राएलला निघाले. जाण्याआधी माझ्याकडून एक जाकीट शिवून घेतलं. अंगात घातलं, बटणं लावली, आरशात पाहिलं. मी वाट बघत उभा. ते काही विचारेनात.

"विचारा की, आत काय आहे!"

"कशाला?" मामा म्हणाले, आणि जाकीट न काढता तसेच निघाले.

मला अजून जपानी वाचता येत नाही. 'असा'चं एक अक्षर तेवढं लेकीकडून गिरवून घेतलंय. नवी गुंडाळी आली की आधी तेच शोधतो.