धाब्यावरची माती

मैनाबाईनं उभ्या आयुष्यात कोणाचं काही फुकट घेतलं नाही, कारण फुकट देणाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि का असावा? लागोपाठ चार वर्षं कापसानं हात दाखवला, गोड बोलणारे येत गेले आणि शेवटी वावर गेलं. राहिलं ते दर्यापुरातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिणारच.

घर मूळचं चंद्रभान सुताराचं. पोरं अकोल्याला गेली म्हणून त्यानं ते विकलं. मग वीस वर्षं तिथं अब्दुल सत्तार पिंजारी राहिला. गाद्यांचं काम बसलं तेव्हा, सत्त्याण्णव साली, त्यानं घर मैनाबाईच्या नवऱ्याला, खुशालरावांना विकलं आणि तो मूर्तिजापूरला गेला. गेला म्हणजे आपलं म्हणायचं. दर वर्षी अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की हा बाबा फावडं घेऊन जीपमधून उतरायचा आणि पावसाआधी धाबं पाहून देतो म्हणायचा. मजुरी नको, चहा पुरे.

इथं लोक कापल्या करंगळीवर मुतत नाहीत, आणि हा विकलेल्या घराची फुकट चाकरी करतो? कुठंतरी पाणी मुरत होतं.

सत्तार नेमका मधल्या खोलीवरच खरडायचा आणि दोन टोपली माती खाली आणून टाकायचा. यानं वर सोनं तर लपवलं नाही, म्हणून मैनाबाईनं ती माती चाळून पाहिली. खडे निघाले. मग तिनं ताडलं, हा धाबं पातळ करतोय. घर गळायला लागलं की मातीमोलानं परत मागेल. खुशालराव हसले. त्या भोळ्या माणसाला सगळं जग आपल्यासारखंच वाटायचं.

तिनं नवऱ्याला न सांगता तोड काढली. सत्तार गेला की नाल्याकाठची खारी माती, जिच्यातून पाऊस आत उतरत नाही, ती आणायची आणि त्यानं दोन टोपली काढली तिथं चार टाकून चोपायची. आठ वर्षं घर एकदाही गळलं नाही. मैनाबाईला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

त्या वर्षी लेक रागिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरला होता. तिची बाज थंडाव्यासाठी मधल्या खोलीत टाकली होती. सत्तार आला तशी मैनाबाई शिडीपुढं उभी राहिली आणि यंदा वर जायचं नाही म्हणाली. सत्तार वाद घालत बसला नाही. त्याची नजर दारातून आत, बाजेवर पडलेल्या पोरीवर गेली होती.

"तिले हलवा तिथून, भाभी," तो म्हणाला. "वरची तुळई तडकेल हाये. घर इकलं तवा मी भेगीत शेण भरलं अन् वरून काजळी-तेल चोपडलं. सांगतलं असतं त कोनी घेतलं नसतं. म्हून दरसाल वझं कमी करून राहिलो."

आपला संशय खरा निघाला, याचा आनंद मानायला मैनाबाईला सवड नव्हती. तुळईवर किती ओझं आहे, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती आत धावली आणि रागिणीला दंडाला धरून ओसरीवर घेऊन आली. खुशालरावांनी शेजारून दोन लाकडी बल्ल्या आणून तुळईला टेकू दिला. मग सत्तार वर चढला आणि भिंतीच्या कडेकडेनं खणू लागला. मैनाबाई टोपलं घेऊन मागोमाग गेली. फावड्याचं पातं दांड्यापर्यंत मातीत गेलं.

"भाभी, येवढी माती कोठून आली?"

तिला त्याचा संताप आला होता आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटत होती.

"मी टाकली. तुमी दोन टोपले काहाडले का मी चार टाको. मले वाटे, तुमी घर पाडून राहिले."

सत्तारनं फावडं बाजूला ठेवलं.

"पाडून त आपुन दोघंबी राहिलो होतो," तो म्हणाला.

मैनाबाईनं टोपलं भरायला घेतलं. खालून रागिणी विचारत होती, आई, वर काय चाललंय? मैनाबाईनं भरलेलं टोपलं कडेला ओतलं.