डोहाचं पाणी दुसऱ्यांदा

मी वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. धोक्यात आलेल्या जलचरांच्या एका पाहणीत पूर्णेचा एक पट्टा माझ्याकडे आला. काम एवढंच, की नदीचं पाणी गाळायचं. पाण्यातल्या जीवाच्या कातडीचे, विष्ठेचे कण पाण्यात मिसळतात आणि त्यांतल्या डीएनएवरून तो जीव कोणता हे प्रयोगशाळेत कळतं. फळ्यावर मी हे अनेकदा शिकवलं होतं. स्वतः केलं नव्हतं.

आम्ही मऊ पाठीचं कासव शोधत होतो. जवळा बाजारकडे एका आजींचं नदीकाठी हळदीचं शेत आहे. आपल्या पाण्याच्या मोटारीपाशी डोहात ते कासव आहे, असं त्या सांगत, पण गावात कुणाचा विश्वास नव्हता.

"लोकं म्हणतेत, म्हातारीला दिसून न्हाई राहिलं," त्या मला म्हणाल्या.

नदीची धार तुटली होती. वरून काही वाहून येण्याचा प्रश्न नव्हता, जे असेल ते डोहातलंच. मी तीन जागांहून तीन बाटल्या भरल्या. चौथीत शुद्ध केलेलं पाणी घरूनच नेलं होतं. तेही तसंच गाळायचं, म्हणजे आपल्याच हातून काही मिसळलं तर उघड होतं.

काही आठवड्यांनी अहवाल आला. तिन्ही बाटल्यांत कासव होतं. चौथीतही होतं.

डोहाच्या पाण्याने भिजलेले हातमोजे न बदलताच मी चौथी बाटली उघडली होती. कोणत्या बाटलीत काय माझ्या हातून गेलं हे आता सांगता येत नव्हतं, म्हणून सगळे नमुने बाद झाले.

हे आजींना सांगायला मी शेतावर गेले. त्या शिजवलेली हळद उन्हात पसरत होत्या. माझी चूक मी सगळी सांगितली. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं.

"मंग परत भरा की," त्या म्हणाल्या. "डोह कुठं चाललाय?"

या वेळी शुद्ध पाणी आधी गाळलं. मग दर बाटलीला नवे हातमोजे घातले. गढूळ पाणी थेंब थेंब गळत होतं आणि आजी शेजारी बसून पाहत होत्या. शेवटी चिमट्यात उरला गाळणीचा रुपयाएवढा मातकट कागद. त्यावर डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

दुसरा अहवाल मी स्टाफरूममध्ये उघडला. शुद्ध पाण्याची बाटली कोरी. डोहाच्या दोन बाटल्यांत कासव, तिसरीत नाही. एकाच डोहात, दहा पावलांवर, नाही. एकच बाटली भरली असती आणि ती नेमकी तिसरी असती तर? तासाची घंटा झाली तरी मला उठवेना. जे मी कधी पाहिलं नाही, ते त्या कागदावर होतं.

आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, किती हायेत म्हणून. ते या तपासणीत कळत नाही, मी म्हटलं, आहे एवढंच कळतं.

"दोन हायेत," त्या म्हणाल्या आणि हळद उलटायला वळल्या.

मी दुपारपर्यंत काठावर बसले. पाण्यावर काही आलं नाही. निघताना पाय धुवायला खाली उतरले आणि थबकले. आता माझेही कण या पाण्यात मिसळणार होते. थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग हळूच पाय बुडवले.